सभेला जावं, की मोबाईलवरचा गट पुरे? (मायस्थेनिया आणि इतर दुर्मीळ आजार)

वारणाकाठ | ४ जून, सकाळी ८:५०

नमस्कार मंडळी. सकाळीच लिहायला बसलेय, कारण दुपारनंतर मला अक्षरं दोन दोन दिसतात.

मला मायस्थेनिया ग्रॅव्हिस (एमजी) आहे. निदान होऊन चौदा महिने झाले. मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. आधी पाचव्या तासाला आवाज नाकातून यायला लागला, मग वाक्य संपता संपता शब्द विरायला लागले. मुलं म्हणायची, "बाई, मोठ्यानं बोला ना." एका डॉक्टरांनी "फार मनाला लावून घेता" म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या, त्यानं आणखीच गळून गेले. डावी पापणी पडायला लागली तेव्हा कुठं न्यूरॉलॉजिस्टकडे पोचलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नसेकडून स्नायूकडे निरोप नेणारं ॲसिटिलकोलिन स्नायूवर जिथं उतरतं, त्या जागा आपल्याच शरीरातल्या अँटिबॉडी अडवून धरतात. त्यामुळं स्नायू वापरला की दमतो आणि विसावा दिला की परत कामाला लागतो. सकाळी मी धडधाकट दिसते. संध्याकाळी पोळी चावता येत नाही. लोकांना हे सोंग वाटतं.

आता प्रश्न. व्हॉट्सॲपवर एका देशभरच्या गटात आहे, दोनशेच्या वर माणसं आहेत. पुष्कळ शिकले तिथं. आमचे डॉक्टर म्हणतात, पुण्यात दर दोन महिन्यांनी रुग्णांची सभा भरते, एकदा जाऊन या. कोल्हापूरहून पुणे म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. मिस्टरांची रजा, गाडीखर्च, आणि दुसऱ्या दिवशी मी अंथरुणावर. मोबाईलवर मिळत नाही असं तिथं काय मिळतं? जाऊन आलेल्यांनी सांगा. दुसऱ्या कुठल्या दुर्मीळ आजाराचा अनुभव असेल तरी चालेल.

झणझणीत | ४ जून, सकाळी ९:१५

कोल्हापूरकरांनी पुण्याला कशाला जायचं? पुणेकरांनाच तिकडं बोलवा. पांढरा रस्सा असेल तर मी गाडी काढतो.

रानजाई | ४ जून, सकाळी १०:३०

ताई, मी १९९७ पासूनची एमजीवाली. पुण्यात राहते.

तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं. सहा वर्षं मी दुसरा रुग्ण पाहिला नाही. आजाराचं नाव सांगितलं की समोरचा एकच म्हणायचा, "अमिताभला झालेला तोच ना?" १९८४ मध्ये त्यांना याचं निदान झालं होतं, तेवढीच काय ती लोकांना माहिती. मलाही त्यापेक्षा फार ठाऊक नव्हतं.

मग डॉक्टरांनी पाच रुग्णांना एका रविवारी बोलावलं. मी खोलीत गेले. समोरची बाई हनुवटीखाली हात धरून बसली होती, मान पेलत नव्हती म्हणून. माझा हातही तिथंच होता. घरी पाहुणे आले की मी तो पटकन खाली घ्यायची, कारण सासूबाई म्हणायच्या की रुसल्यासारखी काय बसतेस. त्या दिवशी तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि दोघींनीही हात काढला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा मी कुणापुढे तशी बसले होते.

शेवटी फोटो काढला. आमचं हसू वरच्या ओठाशी अडतं, दात दिसतात आणि चेहरा रागावल्यासारखा होतो. लग्नाच्या प्रत्येक फोटोत मला "जरा हास की" ऐकावं लागलंय. तिथं कुणी म्हणालं नाही. तो फोटो आजही कपाटाच्या आतल्या बाजूला लावलेला आहे.

तुम्ही विचारलंत काय मिळतं. मला हे मिळालं. माहिती मला पुढे मोबाईलवरच जास्त मिळाली, ते खरंय.

कोरा_कागद | ४ जून, सकाळी ११:०५

मी उलट बाजूनं बोलतो. माझ्या भावाला एमजी आहे, दोनदा क्रायसिसमध्ये, म्हणजे श्वासाचे स्नायू थकून श्वास अडण्यापर्यंत, गेलाय, दुसऱ्यांदा अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होता. त्याला सभेला नेणं म्हणजे आमच्या जिवाला घोर. गर्दी, कुणाला सर्दी, एसी हॉल, वर जिना. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या माणसाला साधा फ्लूही परवडत नाही. अशांना घरी बसल्या माणसं भेटतात, हे मोबाईलनं केलेलं मोठं काम आहे. "प्रत्यक्ष भेटीची सर नाही" म्हणताना जे येऊच शकत नाहीत त्यांचा विचार करा.

वारणाकाठ | ४ जून, सकाळी ११:२०

@रानजाई, हनुवटीखालच्या हाताचं वाचून मिस्टरांना हाक मारून दाखवलं. माझाही हात तिथंच असतो.

@कोरा_कागद, तुमचं पटतं. माझीही तीच भीती आहे.

बाबा_नाशिककर | ४ जून, दुपारी १:१०

आमचा आजार वेगळा, पण प्रश्न तोच म्हणून लिहितो. मुलगा सतरा वर्षांचा, हिमोफिलिया ए, तीव्र स्वरूपाचा. रक्त गोठवणारं फॅक्टर ८ जवळजवळ नाहीच.

काही गोष्टी मोबाईलवर शिकता येत नाहीत. फॅक्टर शिरेतून द्यावं लागतं. गुडघ्यात रक्तस्राव सुरू झाला की दवाखान्यात पोचेपर्यंतचा प्रत्येक तास सांधा खातो, म्हणून घरी देता आलं पाहिजे. मी व्हिडिओ पन्नास वेळा पाहिले असतील. हात थरथरायचा तो थरथरायचाच. रुग्णांच्या शिबिरात एका सिस्टरनी माझं बोट धरून शिरेवर ठेवलं आणि म्हणाल्या, "दाबा. उसळी लागली का? तीच." तेव्हा कळलं की शीर डोळ्यांनी नव्हे, बोटानं शोधायची असते. पोरगा बारा वर्षांचा झाल्यावर शिबिरात शेजारी बसलेल्या मोठ्या मुलाचं बघून स्वतःच टोचायला शिकला. बापाचं ऐकलं नसतं, त्याचं ऐकलं.

दुसरी गोष्ट आमच्या आईची. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, आईकडून मुलाकडे येतो, एवढं तिनं ऐकलं आणि माझ्या बायकोला धारेवर धरलं. मी किती सांगितलं की साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच नसतो, दोष नव्यानं तयार होतो. उपयोग शून्य. शिबिरात मात्र तिच्याच वयाच्या एका आजीबाई तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "मीबी सुनेला लई बोलले. माझंच चुकलं. पोरगी रात्रभर बर्फ धरून बसती, तिला काय बोलायचं?" त्या दिवसापासून घरातलं वातावरण बदललं. आमची आई व्हॉट्सॲपवर नाही. बहुतेक घरांतल्या अशा आज्या तिथं नसतातच.

हिमोफिलिया फेडरेशन १९८३ साली रुग्णांनीच उभी केली. जागोजागी शाखा झाल्या, लोक एकत्र बसले, सरकारी रुग्णालयांत फॅक्टर मिळावं म्हणून खेटे घातले. आज माझा मुलगा चालतो त्यात त्या खेट्यांचा वाटा आहे.

मांडवी | ४ जून, रात्री १०:४०

लेक झोपली, आता लिहिते. मडगावहून.

माझ्या मुलीला एफओपी आहे. लांब नाव आहे: फायब्रोडिस्प्लेसिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा. स्नायू, स्नायुबंध यांचं हळूहळू हाड होत जातं. दहा लाखांत एखाद्यालाच होतो, किंवा त्याहूनही कमी. मी सभा भरवायची ठरवली तर खुर्च्या कुणासाठी मांडू?

ती अडीच वर्षांची असताना पाठीवर गाठी आल्या. गाठ म्हणून बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, करायचं ठरलं, तारीख मिळाली. आदल्या रात्री मी एका आंतरराष्ट्रीय गटात तिच्या पाठीचा फोटो टाकला. पंधरा मिनिटांत कुण्या अनोळखी आईनं विचारलं, "पायाचे अंगठे बघा. जन्मापासून आखूड आणि आत वळलेले आहेत का?"

मी मच्छरदाणीत वाकून टॉर्चनं अंगठे बघितले. होते. जन्मल्यापासून रोज बघत होते, तेल लावत होते.

या आजारात बायोप्सी केली, दंडात इंजेक्शन दिलं, पडून मार लागला, की तिथं नवं हाड तयार होऊ शकतं. आम्ही सकाळी गेलो ते बायोप्सी थांबवा म्हणायला. पुढे जनुकाची तपासणी झाली. एसीव्हीआर१ नावाचं जनुक आहे, २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लोकांनी शोधलं. त्या बाईला मी अजून भेटलेले नाही, भेटेन की नाही माहीत नाही. पण माझ्या मुलीची पाठ आज जेवढी वळते तेवढी तिच्यामुळे वळते.

आणखी एक. एफओपीची संघटना अमेरिकेत १९८८ मध्ये सुरू झाली, स्वतः हा आजार असलेल्या जीनी पीपर या बाईंनी केली. तेव्हा कुठलं इंटरनेट? डॉक्टरांकडून इतर रुग्णांचे पत्ते मिळवून तिनं पत्रं लिहिली. अकरा जणांपासून सुरुवात झाली. दुरून जोडलं जाणं मोबाईलच्याही आधीचं आहे, तेव्हा ते पोस्टानं व्हायचं.

रानजाई | ५ जून, सकाळी ९:००

@मांडवी, मच्छरदाणीतली टॉर्च डोळ्यांपुढून हलत नाही. लेकीला खूप आशीर्वाद.

सिस्टर_ज | ५ जून, सकाळी ९:४५

न्यूरो वॉर्डात बारा वर्षं काढलीत, थोडं कळकळीनं सांगते.

मांडवीताईंचं उदाहरण मौल्यवान आहे. पण त्या गटानं काय केलं ते नीट बघा. त्यांनी प्रश्न विचारला आणि डॉक्टरांकडे पाठवलं. मी याच्या उलटंही पाहिलंय. एका गटात कुणीतरी लिहिलं, "मी दिवसाला दहा गोळ्या घेतो, तुम्हीही वाढवा." रुग्णानं पायरिडोस्टिग्मिन, म्हणजे एमजीची नेहमीची गोळी, स्वतःच वाढवलं. गोळी जास्त झाली तरीही अशक्तपणाच येतो, लाळ सुटते, पोट बिघडतं, छातीत कफ साठतो. माणसाला वाटतं आजार वाढला, तो आणखी एक गोळी घेतो. तो माणूस आमच्याकडे आयसीयूत आला. स्टेरॉइड एकदम बंद करा असं सांगणारेही भेटतात. तसं कधी करू नका.

एमजीवाल्यांनी पाकिटात चिठ्ठी ठेवा, त्यावर आजाराचं नाव आणि टाळायची औषधं लिहा. सिप्रोफ्लॉक्सासिन-लेव्होफ्लॉक्सासिनसारखी, ॲझिथ्रोमायसिनसारखी आणि जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक्स, शिरेतून मॅग्नेशियम, यांनी अशक्तपणा बळावू शकतो. डॉक्टर गरज पडली तर विचार करून देतील, पण त्यांना आधी कळलं पाहिजे.

आणि श्वासाचा त्रास गटात विचारायचा नाही, मग गट कुठलाही असो. एका श्वासात आकडे मोजा. रोज चाळीसपर्यंत जाणारे वीसच्या आत अडकले, पाणी नाकातून आलं, उताणं झोपवेना, तर टाइप करत बसू नका. निघा.

कोरा_कागद | ५ जून, सकाळी १०:१०

सिस्टरांना पूर्ण अनुमोदन. आमच्या गटात एक गृहस्थ रुग्ण म्हणून आले आणि महिनाभरात काढा विकायला लागले. चौघांनी पैसे भरले. मी ॲडमिनला सांगून नियम करून घेतला: डोस लिहायचा नाही, विक्री नाही, आणि कुणी गेल्याची बातमी रात्री टाकायची नाही. तिसरा नियम माझ्या भावामुळे. एकदा रात्री दीड वाजता अशी बातमी आली आणि तो उजाडेपर्यंत श्वास मोजत बसला.

सोबती | ५ जून, दुपारी २:३०

रुग्णाच्या जोडीदाराचं कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलतो.

बायकोला एमजी, नऊ वर्षं झाली. ती ज्या गटात आहे त्याच गटात मी. मी तिथं काय लिहिणार? तिला घास अडकला की माझ्या पोटात गोळा येतो, हे तिनं वाचावं असं मला वाटत नाही. ती संध्याकाळी पाच वाजता झोपते आणि पुढचं घर माझ्यावर असतं, कधी कधी मी चिडतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते, हेही नाही.

सभेत रुग्ण आत बसले होते, आम्ही नवरे-बायका, भाऊ, एक बाप, व्हरांड्यात चहा घेत उभे. कुणी ठरवलं नव्हतं. एकानं विचारलं, "तुम्ही रात्री किती वेळा उठून श्वास बघता?" मी म्हटलं तीनदा. तो म्हणाला, मी चारदा. इतकंच. गाडीत बसल्यावर मला हलकं वाटत होतं.

वारणाकाठताई, तुम्ही तुमच्यासाठी जायचं की नाही ते ठरवा. पण मिस्टरांनाही एकदा विचारा.

लेक_एरी | ६ जून, सकाळी ७:२०

ओहायोहून. इथं एमजीचे गट जुने आहेत, मुख्य संस्था १९५२ मध्ये एका रुग्ण मुलीच्या आईनं सुरू केली. सभा छान असतात, माहितीपत्रकं, तज्ज्ञांची व्याख्यानं. तीन वर्षं जातेय. पण "जीव मुठीत धरून जेवते" हे मला इंग्रजीत सांगता आलं नाही. मागच्या वर्षी चौघी मराठी बायकांचा व्हिडिओ कॉल सुरू झाला, दोघी भारतातल्या. पहिल्या दिवशी पाऊण तास फक्त रडलो. ती सभा प्रत्यक्ष होती की ऑनलाइन, मला खरंच सांगता येणार नाही.

टिपूर | ६ जून, सकाळी ११:००

थोडं विषयांतर. सरकारपुढे उभं राहायचं असेल तर माणसं लागतात. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ मध्ये आलं, २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत नेली, मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक उपचार केंद्र. त्याआधी २०१४ मध्ये गोशे हा दुर्मीळ आनुवंशिक आजार असलेल्या एका गरीब मुलाच्या औषधासाठी वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं होतं. धोरणाच्या यादीत सगळे आजार नाहीत, आणि महागड्या औषधाला आयुष्यभर लागणाऱ्या पैशापुढे ५० लाख लवकर संपतात. त्यासाठी रस्त्यावर, कचेरीत दिसावंच लागतं. नुसत्या गटात मेसेज फिरवून काही हलत नाही.

मांडवी | ६ जून, दुपारी ३:५०

@टिपूर, दिसावं लागतं हे खरं. पण माझ्या मुलीला गर्दीत एक धक्का लागला तर तिचा खांदा कायमचा धरू शकतो. आमच्या वतीनं तुम्ही उभे राहा. आम्ही कागद तयार करून देऊ, रात्री बसून.

टिपूर | ६ जून, दुपारी ४:१५

हे मी लक्षात घ्यायला हवं होतं. उभा राहीन. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

झणझणीत | ६ जून, संध्याकाळी ६:००

रश्श्याचं माझं म्हणणं अजून कायम आहे. चावावा लागत नाही, हा मुद्दा कुणी विचारात घेतलेला दिसत नाही.

रानजाई | ७ जून, सकाळी ९:३०

@झणझणीत, घेतला. फक्त तिखट कमी, ठसका लागतो.

ताई, जायचं ठरलं तर आमचे काही रिवाज सांगते. सभा सकाळी अकराला, कारण आमची ताकद तेव्हा असते. हॉल तळमजल्यावर. खुर्च्यांना हात हवेतच, नाहीतर उठताना दुसऱ्याला हाक मारावी लागते. नाश्त्याला उपमा, भाकरी-पोळी नाही. कुणाला सर्दी असेल तर त्यानं त्या दिवशी फोनवरून ऐकायचं, त्यासाठी मधल्या टेबलावर एक मोबाईल उघडा ठेवतो. कोरा_कागद, तुमच्या भावाला त्या मोबाईलवर येऊ द्या. गेल्या वेळी तिघं तसे होते. बोलताना आवाज गेला तर थांबतो, पाच मिनिटं सगळे गप्प, मग तोच माणूस पुढे बोलतो. मध्ये कुणी त्याचं वाक्य पुरं करत नाही.

वारणाकाठ | २३ जून, सकाळी ८:३०

जाऊन आले.

आदल्या दिवशी साताऱ्यात नणंदेकडे मुक्काम केला, त्यानं प्रवास तुटला. गोळी साडेदहाला घेतली, म्हणजे सभेत तीन तास तरी भागेल. माझी ओळख करून देताना चौथ्या वाक्याला आवाज विरला. मी सवयीनं "जाऊ दे" अशी खूण केली. कुणी मान हलवली नाही, सगळे थांबले. रानजाईताईंनी लिहिलं होतं तेच. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग आवाज आला आणि मी पुढचं बोलले. चौदा महिन्यांत माझं बोलणं माझ्या तोंडून शेवटपर्यंत गेलं ते तिथं.

मिस्टर व्हरांड्यात होते. परतताना कराडपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या वेळी मी जेवणाचा डबा नेईन, तिथला उपमा फार घट्ट होता." एवढ्यावरून मला कळलं की पुढची वेळ आहे.

दुसऱ्या दिवशी अंथरुणावर होते, तिसऱ्या दिवशीही. खोटं सांगत नाही. दर दोन महिन्यांनी मला हे झेपणार नाही. वर्षातून दोनदा जाईन. औषधांचे, रजेचे, प्रमाणपत्राचे प्रश्न मोबाईलवरच विचारणार, तिथं उत्तर लगेच मिळतं.

पण तिथं कळलं की आमच्याच भागात आणखी दोघं आहेत, एक इचलकरंजीचे काका आणि एक कॉलेजातली मुलगी. आम्ही तिघं जुलैच्या दुसऱ्या रविवारी माझ्या घरी बसतोय. सकाळी अकरा. उपमा पातळ असेल.

झणझणीत | २३ जून, सकाळी ८:४५

रस्सा?

वारणाकाठ | २३ जून, सकाळी ८:५५

पांढरा, सौम्य. या.

निपाणी_७ | २३ जून, रात्री ११:२०

मी या धाग्यावर पहिल्यांदाच लिहितेय. आईला तीन वर्षांपासून एमजी आहे. ती शिकलेली नाही, मोबाईल वापरत नाही. आजवर तिनं दुसरा रुग्ण पाहिलेला नाही. निपाणीहून तासाभरात पोचू. आणलं तर चालेल का? तिला जिना चढवत नाही.

वारणाकाठ | २४ जून, सकाळी ७:१०

घर तळमजल्यावरच आहे, दारात एकच पायरी आहे, तिला मिस्टर आज फळी टाकतायत. हातांची खुर्ची त्यांच्यासाठी राखून ठेवते. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे.